इलाजाचीही वसीयत

घर-जमिनीची वसीयत आपण करतो. पण आपली शुद्ध हरपली तर इलाजाचा निर्णय कोण घेणार, हे घरात कुणी बोलत नाही. मग आयसीयूच्या दाराशी भावंडांत वाद होतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ मान्य केले, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटर हवा की नको, हे सज्ञान व्यक्तीने शुद्धीत असताना लिहावे. निर्णयासाठी विश्वासू नातलगांची नावे द्यावीत. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे. मत बदलले तर ते रद्दही करता येते.

इंजेक्शन देऊन जीव घेणे यात येत नाही. ते हराम आहे आणि बेकायदाही. आलिम आणि डॉक्टर, दोघांचा सल्ला घ्या. अम्मी-अब्बांना मात्र आजच विचारा.