ताई, ओके दाबू का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे घरात बोलायची भाषा आणि शाळेत शंभर मार्कांचा एक विषय, एवढाच तिच्याशी संबंध! त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर रूममेट्स हसल्या. पण हा प्रसंग मला इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही, कारण तो घडला मराठीत, तोही फोनवर आणि आमच्या लातूरच्या बोलीत. तेव्हा चूकभूल पोटात घाला.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी इथे नांदेडला होस्टेलवर. रात्री साडेनऊला धाकट्या भावाचा फोन आला. तो लातूरला अकरावी सायन्सला आहे.

"ताई, पप्पांची बॅकअपची डिस्क दिसंना झालीय."

"आणि फोटोंची?"

"ती पण नाही. सकाळी लाइट गेली होती, तवापासून. पण मी शोधलंय. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलंय. डिस्क इनिशियलाइज करा म्हणायलंय. दोन ऑप्शन आहेत, एमबीआर आणि जीपीटी. कुठलं टिक करू? ओके दाबू का?"

मी कॉटवरून उठून ओरडलेच, "कॅन्सल! आधी कॅन्सल दाब!" कॉरिडॉरमधल्या मुली दारात येऊन बघायला लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, एका हार्ड डिस्कसाठी एवढा आरडाओरडा कशाला? तर सांगते. माझ्या आईचं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीजवळच्या एका गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आई चौदा वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आई आणि आज्जी वाचल्या, आजोबा गेले. घरासोबत घरातला एकूणएक फोटोही गेला. आपल्या वडिलांचा चेहरा कसा होता हे सांगायला आईकडे कागदाचा एक तुकडासुद्धा उरला नाही.

गेल्या काही वर्षांत आईने नातेवाइकांकडून जुने अल्बम मागून आणले आणि एकेक फोटो स्कॅन केला. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत मागे उभे असलेले आजोबा तिला तिथेच सापडले. त्याच डिस्कवर आज्जीचा आवाजही आहे. जुनं गाव कसं होतं, कुणाचं घर कुणाला लागून होतं, हे ती आठवून आठवून सांगतेय. आज्जी आता नाही. आणि या सगळ्याची दुसरी कॉपी त्या रात्रीपर्यंत कुठेही नव्हती! याची लाज मला आयुष्यभर वाटणार आहे, कारण घरातली कॉम्प्युटर इंजिनिअर मी.

आता थोडं तांत्रिक. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पप्पांच्या बियाणे-खतांच्या दुकानातला जुना डेस्कटॉप घरी आणून त्याचा होम सर्व्हर केला. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नात तयार झालेलं, २००८ पासून उपलब्ध असलेलं मोफत सॉफ्टवेअर. ते लिनक्समधल्या केव्हीएमवर चालतं, आणि केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. याच्या मदतीने एका मशीनच्या पोटात अनेक मशीन चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना नवीन नाही, आयबीएमने १९६० च्या दशकातच ती मेनफ्रेमवर चालवून दाखवली होती. आमच्याकडे अशी दोन मशीन होती. एकात विंडोज, पप्पांच्या टॅलीसाठी. दुसऱ्यात ओपनमीडियाव्हॉल्ट, फोटोंसाठी. दोघांना एकेक खरी डिस्क मी थेट जोडून दिली होती.

हे समजायला वाड्याचं उदाहरण सोपं पडेल. खरं मशीन म्हणजे वाड्याचा मालक आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याचे भाडेकरू. भाडेकरूला स्वतःहून वाडा दिसत नाही. मालक ज्या खोलीची किल्ली देईल तेवढीच खोली त्याची. तेव्हा "खोली सापडत नाही" अशी भाडेकरूची तक्रार आली, तर त्याचा अर्थ खोली पडली असा होत नाही. मालकाने किल्लीच दिली नसेल, चुकीची दिली असेल, किंवा किल्ली बरोबर असून भाडेकरूला कुलूप उघडता येत नसेल.

हा शेवटचा प्रकार मला उन्हाळ्यातच भेटला होता. विंडोज टाकताना इन्स्टॉलर म्हणाला, एकही ड्राइव्ह सापडला नाही. डिस्क तर मी दिलेली! दोन रात्री घालवल्यावर कळलं की मी डिस्क व्हर्टआयओ पद्धतीने जोडली होती आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सीडीत नसतोच. व्हर्टआयओ ड्रायव्हरची वेगळी आयएसओ फाइल मिळते. ती दुसरी सीडी म्हणून लावली, "लोड ड्रायव्हर" केलं आणि डिस्क हजर!

पण या वेळी ड्रायव्हर जुनाच, मशीनही तेच. मग बिघडलं काय? भावाला मी आधी दोन्ही व्हर्च्युअल मशीन बंद करायला लावली. पहिला नियम हाच, कारण न समजता काही लिहिलं गेलं तर नुकसान वाढतं. मग कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला पासवर्ड वाचून त्याने होस्टचं शेल उघडलं. एलएसबीएलके ही कमांड मी एकेक अक्षर सांगून टाइप करवून घेतली.

"वाच."

"एसडीए, ४६५ पॉइंट ८ जी. एसडीबी, ३ पॉइंट ६ टी. एसडीसी, १ पॉइंट ८ टी. एसडीडी, ९३१ पॉइंट ५ जी. ताई, चारही आहेत की!"

त्या वाक्याने माझा जीव भांड्यात पडला. वीज, वायर, डिस्क सगळं ठीक होतं. मालकाला सगळ्या खोल्या दिसत होत्या, गोंधळ किल्ल्यांचा होता. आणि तो गोंधळ माझाच होता!

झालं असं की, बॅकअपसाठी म्हणूनच मी चार टीबीची नवी डिस्क आणली होती. दसऱ्याला घरी गेले तेव्हा मशीन चालू असतानाच ती जोडली. तिला शेवटचं नाव मिळालं, एसडीडी. "बॅकअप दिवाळीत घेऊ" म्हणून मी नांदेडची एसटी पकडली. पण लिनक्समध्ये एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. मशीन सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी ती वाटली जातात. लाइट जाऊन आली, मशीन नव्याने सुरू झालं आणि आधीच्या पोर्टवर बसलेली नवी डिस्क एसडीबी झाली. फोटोंची एसडीसी झाली, टॅलीची एसडीडी. मी मात्र किल्ल्यांवर "दारापासून दुसरी खोली", "दारापासून तिसरी खोली" असंच लिहिलं होतं. पुढे एक नवी खोली बांधली गेली आणि सगळे नंबर एकने सरकले.

म्हणजे फोटोंच्या मशीनला मिळाली कोरी डिस्क, आणि विंडोजच्या हातात गेली आईच्या फोटोंची डिस्क! तिच्यावर मी पार्टिशन न करता थेट लिनक्सची फाइल सिस्टिम तयार केली होती. विंडोजला त्यातलं काहीच वाचता येईना. त्याला ती खोली रिकामी वाटली आणि त्याने नम्रपणे विचारलं, चुना मारू का? भावाने ओके दाबलं असतं तर डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ नोंद असते नेमक्या त्या जागी, नवी नोंद लिहिली गेली असती. मग परत मिळवण्याची खटपट, आणि पूर्ण मिळेल याची खात्री नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. प्रत्येक डिस्कला मॉडेल आणि सिरियल नंबरवरून एक कायमचं नाव असतं. ते "डिस्क, बाय-आयडी" या फोल्डरमध्ये मिळतं. दोन्ही मशीनच्या सेटिंगमध्ये एसडीबी-एसडीसी काढून ही नावं घातली. म्हणजे किल्लीवर खोलीचा नंबर न लिहिता खोलीच्या मालकाचं नाव लिहिलं. फोटोंचं मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने फोनमधून आज्जीचा आवाज आला. भावाने तपासायला म्हणून पहिली दिसली ती फाइल लावली होती. मागे आई काहीच बोलली नाही. मीही नाही.

आता मुद्द्यावर येते. माझा भाऊ हुशार आहे. लातूर पॅटर्नमध्ये तयार होतोय, रोज शेकडो एमसीक्यू सोडवतो. मला त्या पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत, त्यानेच आमच्या भागातल्या हजारो साध्या घरांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं. पण त्या रात्री त्याने मला काय विचारलं? "डिस्क का दिसत नाही" हे नाही, तर "कुठलं टिक करू?" समोर दोन पर्याय आहेत म्हणजे त्यातला एक बरोबर असणारच, हे आपल्या हाडात भिनलंय. बरोबर उत्तर त्या दोन्हींत नव्हतं. ते खाली कोपऱ्यातल्या "कॅन्सल"मध्ये होतं!

आणि मी तरी काय वेगळी? उन्हाळ्यातल्या त्या दोन रात्री मी दिसेल ते बटण दाबतच घालवल्या. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली, पण बिघाड शोधायचा कसा, हे प्रॅक्टिकलमध्ये आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. लॅबमध्ये व्हर्च्युअल मशीन तयारच मिळतात. एखादं चाललं नाही की "पलीकडच्या पीसीवर बस." जर्नलमध्ये एम, प्रोसिजर, आउटपुट, कन्क्लूजन. आउटपुट आलं नाही तर मित्राचं उतरवायचं. माझ्या फाइलमधला एकही प्रयोग आजवर फसलेला नाही. तुमच्या आहे का?

खरं तर शोधायची पद्धत अवघड नाही, फक्त क्रम सोडायचा नाही. आधी वीज आणि वायर. डिस्क फिरतेय का? मग बायोस. तिथे दिसते का? बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. मग होस्ट. तिथे डिस्क दिसते का, लॉगमध्ये एरर आहेत का? डिस्कची तब्येत दाखवणारी स्मार्ट माहितीही होस्टवरच तपासा, कारण अशी जोडलेली डिस्क भाडेकरूला साधारणपणे क्यूएमयूची हार्ड डिस्क म्हणून दिसते, खऱ्या डिस्कची तब्येत त्याला कळत नाही. त्या माहितीत सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. मग किल्ली, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची सेटिंग. मग भाडेकरूचा ड्रायव्हर. सगळ्यात शेवटी फाइल सिस्टिम. आणि एक डिस्क होस्ट आणि भाडेकरू दोघांनी एकाच वेळी माउंट करायची नाही. दोघेही आपल्यालाच मालक समजून लिहितात आणि डेटाचा चिखल होतो.

माझी आपल्या सरांना आणि मॅडमना नम्र सूचना आहे. प्रत्येक सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल बिघाडाचं ठेवा. कुणाची केबल काढा, कुणाचा ड्रायव्हर उडवा, कुणाच्या डिस्कचं नाव बदला, आणि आम्हाला शोधू द्या. जर्नलमध्ये एक पान वाढवा: काय दिसलं, कुठे पाहिलं, काय नव्हतं. मार्क त्या पानाला द्या, उत्तर सापडलं नाही तरी. लॅबमध्ये बिघडलं तर एक तास जाईल. पुढे आपण बँकेच्या, हॉस्पिटलच्या सर्व्हरपुढे बसू तेव्हा समोर कुणाच्या तरी आज्जीचा आवाज असेल.

आणि शिकवणारे नेहमी कॉलेजातच असतात असंही नाही. लाइट गेली की आमची आज्जी कधी बल्बला हात लावायची नाही. आधी अंगणात येऊन बघायची, शेजारच्यांची आहे का? त्यांचीही नसेल तर दोष बाहेरचा, निवांत बसायचं. त्यांची असेल तर आपला फ्यूज, आणि बल्ब सगळ्यात शेवटी. ती शाळेत गेली नव्हती.

दिवाळीत घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या चार टीबीच्या डिस्कवर सगळं कॉपी केलं आणि तिसरी एक कॉपी नांदेडला घेऊन आले. भावाने चारही डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवल्या, सिरियल नंबर लिहून. फोटोंच्या डिस्कवर मात्र त्याने नंबराखाली आजोबांचं नाव लिहिलंय.