हजेरीपट आणि मोडलेली सुई

गेल्या महिन्यात आमच्या इंदुरातील एका स्नेह्यांची कन्या पेढे घेऊन घरी आली. समाजकार्याची पदवी घेऊन ती एका प्रमाणन संस्थेत शिकाऊ म्हणून लागली आहे आणि ‘सोशल ऑडिटर’ होण्याचा पहिला अभ्यासक्रम नुकताच उत्तीर्ण झाली. सोबत आलेल्या आजींनी विचारले, “म्हणजे सी. ए.च ना हो?” उत्तर देण्याचे काम मुलीने हसत आमच्यावर सोपवले. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर आमची आम्हालाच लाज वाटली आणि विषय समजून घेतला. हे पान त्या आजींसाठी.

सी. ए. जमाखर्च तपासतो. हा तपासनीस कारखान्यात माणसे कशी वागवली जातात ते तपासतो. परदेशी व्यापाऱ्याला शर्ट विकत घेण्यापूर्वी तो कोणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत शिवला गेला, याची हमी हवी असते. त्यासाठी न्यूयॉर्कच्या एका संस्थेने १९९७ साली ‘एसए ८०००’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. बालमजुरी, सक्तीची मजुरी, आरोग्य व सुरक्षा, संघटनेचे स्वातंत्र्य, भेदभाव, शिक्षा, कामाचे तास, वेतन हे त्याचे विषय. आठवड्याचे नियमित काम ४८ तासांहून अधिक नको, जादा काम १२ तासांपलीकडे नको आणि सलग सहा दिवसांनंतर एक दिवस सुटी हवी, असे ते सांगते. (ही साप्ताहिक सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० सालीच मिळाली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.)

तपासनिसाचा पायाभूत अभ्यासक्रम पाच दिवसांचा असून शेवटी परीक्षा असते. पाच दिवस ऐकून आमच्याही भुवया उंचावल्या. परंतु एवढ्यावर कोणाला सही करता येत नाही. अनुभवी प्रमुखाच्या हाताखाली प्रत्यक्ष तपासण्यांत बसावे लागते, पुढे प्रगत अभ्यासक्रम असतो. याखेरीज या व्यवसायाची ‘ॲप्स्का’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या नोंदणीकृत, सहयोगी आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्या असून वर चढण्यासाठी अनुभव व परीक्षा दोन्ही लागतात, आणि आचारसंहिता पाळण्याचे बंधनही असते.

खरी विद्या मात्र पुस्तकापलीकडची. मुलीने सांगितलेले एक उदाहरण आमच्या मनात घर करून राहिले. काही कारखान्यांत हजेरीपट दोन असतात, एक खरा आणि एक तपासनिसाला दाखवायचा. दाखवायच्या पटावर प्रत्येक रविवार कोरा असतो. पण शिवणकामाच्या कारखान्यात मोडलेल्या सुयांचीही एक वही असते, कारण सुईचा तुकडा कपड्यात राहून गेला तर माल परत येतो. त्या वहीत रविवारची तारीख सापडली, की सुटीच्या दिवशी सुई कोणाच्या हातून मोडली, हा प्रश्न मालकाला विचारता येतो. जनरेटरच्या डिझेलची नोंद आणि फाटकावरची वहीसुद्धा अशीच बोलकी असते.

तरीही कागद सर्व काही सांगत नाही. म्हणून कामगारांशी एकांतात, मुकादमाला दूर ठेवून, त्यांच्याच भाषेत बोलायचे असते. पढवलेली उत्तरे सर्वांची एकाच शब्दांत येतात. ती ओळखायला कान तयार व्हावा लागतो.

कान तयार नसला, किंवा डोळे झाकून घेतले, तर काय होते याचे उदाहरण कराचीचे. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला एसए ८००० चे प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबरला तेथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. खिडक्यांना गज होते, दारे कुलूपबंद होती. आग खंडणीसाठी मुद्दाम लावली गेली होती, असा निकाल न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तो मान्य केला तरी गज आणि कुलपे आग लावणाऱ्यांनी बसवलेली नव्हती. ती तपासणीच्या दिवशी कोणाला का दिसली नाहीत?

मुलीच्या वडिलांचा आक्षेप निराळा होता. तपासणीचे शुल्क बहुधा तपासला जाणारा कारखानाच भरतो. “ज्याचे मीठ खायचे त्याच्याच चुका लिहायच्या, हे कसे जमणार?” असे ते म्हणाले. आम्हाला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. ही गाठ अभ्यासक्रमातून सुटणारी नव्हे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ज्या दिवशी सही नाकारावी लागेल, त्या दिवशी या मुलीची परीक्षा होईल, आणि त्यात तिच्या पाठीशी घर उभे असावे, एवढेच आम्ही त्यांना सुचवले.

तिची पहिली नेमणूक तिरुपूरला झाली आहे. तेथील होजिअरीच्या कारखान्यांत बिहार-ओडिशातून आलेले कामगार पुष्कळ. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना दुसऱ्याच्या बोलीत शिरण्याची सवय असते, तिचा येथे उपयोग होईल. मुलीला तमिळ शिकवणाऱ्या बाई मिळाल्या आहेत. ओडिया शिकवू शकेल असे कोणी आपल्या इंदूरच्या वाचकांत असल्यास आम्हाला अवश्य कळवावे. ती पुढील महिन्याच्या अखेरीस निघणार आहे.