काडतुसाचा नंबर आणि मालव्याचा खरमोर



या सदरात आपण दर वेळी एखादी वस्तू उघडून तिच्या आत काय आहे ते पाहतो. यावेळी उघडायचंय शिकारीच्या बंदुकीचं काडतूस. खजरान्यात गणपतीच्या शेजारी राहून हा माणूस शिकारीवर काय लिहितोय, असं काही आजी-आजोबांना वाटेल. पण प्रश्न घरातूनच आला आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नोकरी करतो. ऑक्टोबरात ऑफिसातली मंडळी शेजारच्या साउथ डकोटात फेझंटच्या शिकारीला जातात, आणि यंदा त्यालाही बोलावणं आलंय. त्याने मला विचारलं, "दादा, दुकानात काडतुसांची अख्खी भिंत आहे. नेमकं कोणतं घेऊ?" हे मावशीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "आपल्या घरात झुरळसुद्धा कागदावर धरून बाहेर सोडतात, आणि हा पक्षी मारायला निघाला!"

म्हणजे प्रश्न दोन झाले. त्याचा "कोणतं?" आणि मावशीचा "कशाला?" दोन्हींची उत्तरं द्यायला हवीत. मी पक्ष्यावर कधी बार काढलेला नाही. भोपाळला नोकरीत असताना मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी शिकलो, तेवढाच माझा बंदुकीशी संबंध. पण काडतूस तेच असतं, आणि त्याचं गणितही तेच.

आधी कायदा, कारण परदेशातल्या आपल्या मुलांना हा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. यात जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे तिथल्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना. म्हणून आधी परवाना, मग दुकान. "मित्राची बंदूक आहे, मी फक्त हातात धरली" ही सबब चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

आता पक्षी. फेझंट हा कोंबडीच्या आणि मोराच्या कुळातला, मूळचा आशियातला. 1881 मध्ये ओवेन डेनी या अमेरिकी वकिलाने शांघायहून पाठवलेले पक्षी ओरेगॉनमध्ये रुजले आणि पुढे देशभर पसरले. साउथ डकोटाने तर 1943 मध्ये त्याला आपला राज्यपक्षी केलं. तिथे फक्त नर मारता येतो, तोही दिवसाला तीन. नर लालतांबडा, लांब शेपटीचा, मादी मातकट. पक्षी गवतातून फडफडत उठतो, तेव्हा नर की मादी हे क्षणात ओळखावं लागतं.

अशा उडत्या पक्ष्यावर एक गोळी लागणं कठीण, म्हणून छर्‍याची बंदूक. काडतुसात खाली पितळी टोपी, तिच्या मधोमध ठिणगी पाडणारी कॅप, वर दारू, त्यावर प्लास्टिकची वाटी आणि वाटीत छर्रे. बार झाला की छर्रे एकत्र बाहेर पडतात आणि पुढे जाताना पसरत जातात.

"बारा बोअर" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण बारा कशाचे? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. यातला धोका लक्षात ठेवा. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं, तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बाराचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. म्हणूनच अमेरिकेत वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं असतं. खिशात दोन्ही जातींची काडतुसं कधीच एकत्र ठेवायची नाहीत.

पुढचा आकडा छर्‍याचा नंबर. नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान. अमेरिकी नंबरांमागे सोपं सूत्र आहे: 17 मधून नंबर वजा करा, शंभराने भागा, इंचांत व्यास मिळतो. 5 नंबरचा छर्रा 0.12 इंच, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. तबकडीसाठी मी वापरायचो तो साडेसात नंबर, 2.4 मिलिमीटरचा. इंग्लंडचे नंबर मात्र वेगळे. अमेरिकी 6 म्हणजे जवळपास इंग्रजी 5.

मग बारीक छर्रे का घेऊ नयेत? एका औंसात साडेसात नंबरचे सुमारे 350 छर्रे बसतात, 5 नंबरचे फक्त 170 च्या आसपास. जास्त छर्रे म्हणजे लागण्याची शक्यता जास्त, असं वाटतं. पण माती फोडणं वेगळं आणि जीव घेणं वेगळं. बारीक छर्रा पिसांत आणि कातडीत अडकतो. पक्षी खाली पडत नाही. उडून जातो आणि दोन दिवसांनी कुठेतरी गवतात मरतो. उलट फार जाड छर्रे घेतले, तर त्यांच्यातल्या मोकळ्या जागांतून पक्षी निसटतो किंवा त्याला एखादाच छर्रा लागतो. काडतूस निवडण्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीसाठी आहे: पक्षी एक तर जागीच पडावा, नाहीतर पूर्ण सुटावा. अर्धवट जखमी होऊ नये. शिशाचं काडतूस असेल तर फेझंटसाठी 4, 5 किंवा 6 नंबर आणि सव्वा औंस, म्हणजे 35 ग्रॅम छर्रे, हा रुळलेला हिशेब आहे.

पण शिसं घ्यावं का? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. पक्षी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि जमिनीवर पडलेले छर्रे त्यांना खड्यांसारखेच दिसतात. पोटात ते झिजतात आणि शिसं रक्तात जातं. बदकं अशी मरू लागली म्हणून अमेरिकेने 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर देशभर बंदी घातली. डेन्मार्कने 1996 मध्येच शिशाचे छर्रे बंद केले आणि युरोपीय संघाने 2023 पासून पाणथळ जागांवर मनाई केली. साउथ डकोटातही बहुतेक सरकारी जमिनींवर बिनविषारी छर्रेच लागतात.

आणि ताटाचं काय? छर्रा मांसातून जाताना त्याचे बारीक कण मागे राहतात. छर्रा निवडून काढता येतो, कण डोळ्यांना दिसतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शरीरात शिसं किती असलं तर निर्धोक, अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. भावाच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. मी त्याला सांगितलं, ज्या पक्ष्याचा रस्सा तिच्या ताटात जाणार आहे, त्यावर शिसं नको.

शिशाला पर्याय पोलादाचा. पण पोलाद हलकं: शिशाची घनता 11 च्या वर, पोलादाची 8 च्या आत. हलका छर्रा लवकर वेग गमावतो. म्हणून पोलाद घेताना दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा. शिशाचा 5 नंबर साधारण 0.17 ग्रॅमचा, पोलादाचा 3 नंबर साधारण 0.18 ग्रॅमचा. गणित जुळतं. नळीच्या तोंडाशी जी थोडी अरुंद जागा असते तिला चोक म्हणतात. पोलाद शिशासारखं दबत नाही, म्हणून फार घट्ट चोक नको, मधला पुरे. जुन्या बंदुकीतून मात्र पोलाद उडवू नये, नळी खराब होते. तिथे बिस्मथचे छर्रे चालतात. महाग आहेत, पण मऊ आणि पोलादापेक्षा जड. काडतुसाची लांबीही बंदुकीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहायची.

थोडक्यात उत्तर: बारा बोअर, पोलादाचे 2 किंवा 3 नंबरचे छर्रे, मधला चोक, आणि 30-35 मीटरपलीकडे चाप ओढायचाच नाही. आधी महिनाभर तबकड्यांवर सराव. दहातल्या सहा तबकड्या फुटत नसतील, तर पक्ष्यासमोर उभं राहू नये.

आता मावशीचा प्रश्न. तिचं उत्तर मालव्यातच आहे. इंदूरच्या सीमेवरचं रालामंडल आपण सहलीला जातो ती टेकडी. वरची इमारत होळकरांची शिकारगाह. आज तिथे अभयारण्य आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गवताळ माळांवर खरमोर येतो, मराठीत तणमोर. हा माळढोकाच्या कुळातला. विणीच्या दिवसांत मादीला दिसावं म्हणून नर गवतातून दिवसात शेकडो वेळा उंच उडी मारतो. ती उडीच त्याच्या जिवावर उठली, कारण बंदूकवाल्यांना तो नेमका तेव्हाच दिसायचा. पुढे त्याचे गवताळ माळच नांगराखाली गेले. 1983 मध्ये रतलाम जिल्ह्यातलं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही दोन अभयारण्यं खास त्याच्यासाठी झाली, तरी आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतरही काही पक्ष्यांच्या शिकारीला परवाना मिळायचा. 1991 च्या दुरुस्तीने तो मार्गही बंद केला. आज तितर-बटेर मारणं हासुद्धा गुन्हा आहे, मग काडतूस कोणतंही असो. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची बारा बोअर आहे त्यांनी हेही पाहावं: परवानाधारक गेल्यावर बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही. वारसाने परवाना घ्यावा, नाहीतर ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी.

साउथ डकोटातला फेझंट आणि आपला खरमोर यांची स्थिती एक नाही. तिथे संख्या पाहून मर्यादा ठरते आणि परवान्यांचा पैसा गवताळ रानं राखायला लागतो. इथे पक्षीच हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली आहे. म्हणून मी भावाला "जाऊ नकोस" म्हणालो नाही, आणि मावशीला "तुझं चुकतंय" असंही म्हणालो नाही. भावाने परवान्याचा अर्ज केलाय, पोलादाची काडतुसं घेतलीत, आणि पहिल्या वर्षी नुसतं चालायचं की बार काढायचा हे तिथे गेल्यावर ठरवणार आहे. मावशी म्हणते, नुसताच चालून येईल. पाहू.

तुमच्यापैकी ज्या मुलामुलींना ही कला शिकायचीय, त्यांना पक्षी लागतच नाही. ऑलिंपिकमध्ये 1900 साली पॅरिसला जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. आज तिथे 11 सेंटिमीटरची मातीची तबकडी आणि 24 ग्रॅमचं काडतूस आहे. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अशाच तबकड्या फोडून रौप्यपदक आणलं. भोपाळला राज्य सरकारची नेमबाजी अकादमी आहे, तिथे ट्रॅप आणि स्कीट दोन्ही शिकवतात. आणि खरमोर पाहायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये वनखात्याला विचारून सैलान्याला जा. दुर्बीण न्या, आवाज करू नका, आणि गवतावरून एक काळं-पांढरं काहीतरी उसळलं की मुलांना दाखवा.