बाईच्या ताकदीचं काय?

‘आम्हाला कशाला हवा व्यायाम? दिवसभर राबतोच की!’ आरोग्याच्या कुठल्याही बैठकीत व्यायामाचा विषय काढला की हे वाक्य येतंच. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया म्हणतात, बँकेत नोकरी करणाऱ्या म्हणतात, आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं चळवळीत असलेल्या आपल्या मैत्रिणीही म्हणतात. वाक्य खोटं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची बिनमोबदल्याच्या घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. (जे पुरुष घरात काडीही हलवत नाहीत, ते या ८८ मिनिटांच्या सरासरीत धरलेलेच नाहीत, हे ध्यानात ठेवलेलं बरं.)

पण राबणं आणि ताकद कमावणं या दोन गोष्टी एक नाहीत. आणि त्या एक आहेत असं मानण्यात सगळ्यांची सोय आहे, फक्त बाईची नाही.

स्नायू बळकट होतो कसा? त्याला रोजच्यापेक्षा थोडं जास्त ओझं द्यायचं, मग विश्रांती द्यायची, खायला द्यायचं, आणि झेपायला लागलं की ओझं आणखी थोडं वाढवायचं. आता घरकाम बघा. त्याच हालचाली, तीच वाकलेली पाठ, तेच पुढे ओढलेले खांदे, तासन् तास. ओझं मापात वाढत नाही आणि विश्रांती तर नाहीच. फरशी पुसून, कपडे पिळून मनगट दुखतं, ते मजबूत होत नाही. डोक्यावरच्या हंड्यानं मान झिजते. कामानं थकवा येतो म्हणजे व्यायाम झाला, हा हिशेब चुकीचा आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना ‘स्त्रियांचं आरोग्य’ असा एक विषय आम्हाला होता. त्यात गरोदरपण, बाळंतपण, कुटुंबनियोजन आणि रक्तक्षय एवढंच होतं. बाईचं सगळं शरीर गर्भाशयाभोवती फिरत राहिलं. दंड, मांड्या, पाठ हे अवयवही बाईला असतात, याचा उल्लेख झाल्याचं मला आठवत नाही. पुढे वस्तीत काम करायला लागल्यावर मात्र बायांच्या तक्रारी पहिल्यांदा याच अवयवांच्या ऐकल्या. पाठ धरली, गुडघे गेले, खाली बसलं की उठवत नाही.

खाली बसून उठता न येणं ही किरकोळ गोष्ट नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत आणि सार्वजनिक शौचालयांत उकिडवंच बसावं लागतं. ज्या बाईला स्वतःच्या बळावर उठता येत नाही, तिला दिवसातून किती वेळा दुसऱ्याचा हात मागावा लागत असेल! मग ती पाणी कमी पिते, बाहेर पडणं टाळते. ‘उठबस आपल्या हातात असावी’ असं म्हाताऱ्या बायका म्हणतात तेव्हा त्या स्नायूंबद्दलच बोलत असतात.

वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि पाळी गेल्यावर हाडंही वेगानं ठिसूळ होऊ लागतात. साधं घसरून पडलं तरी मनगट नाहीतर खुबा मोडतो. या संदर्भात बीड जिल्ह्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या सरसकट काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतल्या पुष्कळजणी तिशी-चाळिशीतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्याच दिवसापासून सुरू होतात. तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशीतल्या बाईसारखी होऊ लागतात, आणि मोळी मात्र तेवढीच जड राहते. पैसे घेऊन ऑपरेशन करणारे मोकळे झाले. त्यानंतर त्या बायांच्या हाडांचं, ताकदीचं कुणी काय केलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रत्येक प्रौढ माणसानं आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. हे चालण्याव्यतिरिक्त. पण कुठे द्यावा? जिमची फी महिन्याला हजाराच्या वर, आणि आत आरसे, पुरुष आणि मोठमोठ्यानं वाजणारी गाणी. वजनं विकत घ्यावीत तर महाग, शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत ती ठेवायची कुठे? वस्तीतल्या एका बाईनं विचारलं होतं, ‘पोराच्या पायावर पडलं म्हंजे?’ रास्त प्रश्न.

म्हणून आम्ही रबरी पट्ट्यांकडे वळलो. रेझिस्टन्स बँड म्हणतात ते हेच. फिजिओथेरपीच्या खोलीत अनेकींनी ते पाहिले असतील. साधारण दीड मीटर लांब, वीतभर रुंद, पातळ रबर. रंगावरून ताण कळतो. बऱ्याच कंपन्यांचा पिवळा हलका, त्यावर लाल, मग हिरवा, निळा, काळा, पण रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा ओढून बघूनच घ्यावा. तीन पट्ट्यांचा संच आम्हाला साडेतीनशे रुपयांना मिळाला. घडी करून ब्लाउजच्या कप्प्यात मावतो. रबर जितकं ताणाल तितकं ते जड होतं, त्यामुळे पट्टा आखूड धरला की तोच पट्टा पुढच्या इयत्तेचा होतो. वजनांइतकीच ताकद यानं येते का, अशी शंका मलाही होती. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच आढळला.

करायचं काय, ते थोडक्यात सांगते. सतरंजीवर पाय लांब करून बसायचं, पट्टा तळपायांना अडकवायचा आणि कोपरं मागे नेत दोन्ही टोकं पोटाकडे ओढायची. ज्या बाया दिवसभर पुढे वाकतात त्यांच्यासाठी हा एकच व्यायाम निवडायचा झाला तरी मी हाच निवडीन, कारण पाठीला उलट दिशेनं काम देणारं त्यांच्या दिवसात दुसरं काही नसतं. मग पट्टा पाठीमागून काखेखालून घेऊन दोन्ही हात पुढे ढकलायचे. पट्ट्यावर उभं राहून टोकं खांद्यापर्यंत धरायची आणि खुर्चीवर बसून उठायचं. तसंच उभं राहून हात डोक्यावर न्यायचे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. नाही गेले तर पट्टा आखूड धरा. आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून. मनगट दुखत असेल तर टोकाला ओढणीचा फास बांधून त्यात हात घालायचा, मूठ आवळायची नाही. आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर हे पाळायलाच हवं. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, नुकतंच बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा, लाजू नका.

पट्टा वापरण्यापूर्वी उजेडात धरून चिरा बघायच्या. तुटलेला पट्टा डोळ्यावर बसला तर इजा होते, म्हणून चेहऱ्याच्या दिशेनं ओढायचा नाही. ऊन आणि खोबरेल हे रबराचे शत्रू. रबरानं अंगाला खाज सुटत असेल तर लॅटेक्स नसलेले पट्टे मिळतात. सायकलची जुनी ट्यूब चालेल का, असं हमखास विचारतात. वॉल्व्ह कापून, धुऊन, पायांच्या व्यायामाला चालते. खांद्यांसाठी मात्र ती सुरुवातीला फार कडक पडते.

‘आता या वयात काय?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्यावर मी अमेरिकेतल्या १९९० सालच्या एका प्रयोगाची गोष्ट सांगते. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, आणि त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. आमच्या गटात वजनकाटा नाही, मुद्दामच ठेवला नाही. आम्ही मोजतो ते एवढंच की ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. सुरुवातीला ७ वेळा उठणाऱ्या एक मावशी तीन महिन्यांनी ११ वर आल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

वजनकाटा नसण्याचं कारण पट्ट्याच्या खोक्यावरच छापलेलं असतं. गोरी, शिडशिडीत, सपाट पोटाची तरुणी. बाजार आपल्याला ताकद विकत नाही, बारीक होणं विकतो. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे बायकांना ‘कमी खा’ सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. चहा आणि अर्ध्या भाकरीवर स्नायू तयार होत नाहीत. म्हणून व्यायाम झाला की आम्ही मूठभर चणे-शेंगदाणे वाटतो आणि तिथेच खायला लावतो. घरी नेले की ते पोरांच्या आणि नवऱ्याच्या वाट्याला जातात.

आणखी एका गोष्टीला माझा विरोध आहे. हा व्यायाम ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणून खपवायला मी तयार नाही. मजबूत दंडांच्या बायकाही घरात मार खातात. मारणाऱ्याचा हात थांबवण्याची जबाबदारी मार खाणारीच्या स्नायूंवर टाकली, की मारणारा सुटला.

संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मात्र मला चांगलंच अडवलं. ती म्हणाली, ‘तू बायकांना आणखी एक काम लावून देते आहेस. घरकाम वाटून घ्या, नळ घरात आणा, कामाचे तास कमी करा, हे मागायचं सोडून रबर कसलं ओढायला लावतेस?’ तिचा मुद्दा मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. घरी एकटीनं पट्टा ओढा असं सांगितलं तर ते खरंच आणखी एक काम होतं. सासू हाक मारते, कुकरची शिट्टी होते, पट्टा आठ दिवसांत कपाटावर जातो. पण नळ घरात येईपर्यंत पाठ थांबत नाही. आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जो कुणाच्याही स्वयंपाकाचा, दुखण्याखुपण्याचा, अभ्यासाचा नाही, तो मागणं हीसुद्धा घरकामाच्या वाटणीचीच मागणी आहे. आमच्याकडे दोघींच्या घरी पहिलं भांडण याच अर्ध्या तासावरून झालं. मंगळागौरीला फुगड्या घालायला वर्षातून एक रात्र मिळते, ती देवाच्या नावावर. स्वतःच्या नावावर मागितला की वेळ लगेच महाग होतो.

म्हणून माझं म्हणणं असं की पट्टे गटानं घ्यावेत. बचत गटाच्या फंडातून सहा पट्टे, एक हॉल, दुपारी २ ते ४ ची वेळ, जेव्हा कामावरून आलेल्या बाया जरा मोकळ्या असतात. साडीवर, गाऊनवर, कशावरही चालतं. नऊवारीवाल्या तर आमच्यात सगळ्यांत मोकळ्या हालचाली करतात. आठवडाभर ज्यांना सराव करायचा त्या पट्टा घरी नेतात, वहीत सही करून.

याच्या जोडीला वॉर्डातल्या व्यायामशाळेचा प्रश्न आम्ही हाती घेतला आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेली ती इमारत आहे. आत वजनं आहेत, डबल बार आहे, आणि बाई एकही नाही. आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोन तास फक्त बायकांसाठी, आणि त्या वेळी एक प्रशिक्षित बाई, एवढीच मागणी आहे. अर्ज देऊन चार महिने झाले. तोंडी उत्तर मिळालं की ‘बायका येणार नाहीत’. आम्ही सह्या गोळा करतो आहोत, ६४ झाल्या.

तुमच्या गावात, वॉर्डात अशी वेळ कुणी मिळवली असेल तर अर्ज कुणाकडे केला, ठराव कसा झाला, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि ज्यांच्याकडे पट्टा अडकवायला भक्कम दार किंवा खिडकीचे गजच नाहीत, अशा पत्र्याच्या घरांत तुम्ही काय युक्ती केलीत, तेही.