पारा उतरला, पट्टा तोच

गेल्या काही वर्षांत आपल्या दवाखान्याच्या बाकावर एक नवी पिशवी येऊन बसू लागली आहे. पूर्वी पेशंटच्या पिशवीत जुने केसपेपर, गुंडाळलेला एक्स-रे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं असत. आता त्यांच्या जोडीला रक्तदाबाचं यंत्र असतं, कधी खोक्यासकट, कधी नुसतंच, नळी पिशवीबाहेर लोंबणारं. मुलानं पुण्याहून मागवून दिलेलं यंत्र, सुनेनं रकाने आखून दिलेली वही, आणि वहीत दिवसाला सहा-सहा आकडे. "डॉक्टर, काल रात्री एकशे अठ्ठावन्न आला. परत घेतला तर एकशे एकाहत्तर. मग झोपच लागली नाही."

यावर आपण दोनपैकी एक करतो. "घरच्या मशीनचं काय घेऊन बसलात" म्हणून वही बाजूला सारतो, नाहीतर वहीतला सगळ्यात मोठा आकडा पाहून गोळी वाढवतो. मी दोन्ही केलेलं आहे. दोन्ही वेळा यंत्राकडे आणि त्याच्या पट्ट्याकडे बघितलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, मधुमेह जुना, वजन भरपूर. दोन औषधं पूर्ण मात्रेत चालू, तरी दर खेपेला वरचा १६०च्या पुढेच. तिसरं औषध लिहायला मी पेन उघडलं होतं. आमच्याकडे नुकतीच लागलेली मदतनीस मुलगी म्हणाली, "सर, पट्टा पुरत नाहीये. हवा भरली की चरचर उघडतोय." शिवणकामाची टेप आणून दंडाचा घेर मोजला. ३९ सेंटिमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं २२ ते ३२. तो पट्टा मी कित्येक वर्षं वापरत होतो, ती अक्षरं त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. मोठा पट्टा मागवला. पुढच्या भेटीत पाच मिनिटं बसवून मोजलं, तर वरचा १४२. तिसरं औषध लिहायची वेळ आली नाही. त्या मुलीनं तोंड उघडलं नसतं तर मी ते लिहून मोकळा झालो असतो, आणि चार महिन्यांनी बाई चक्कर येऊन पडल्या असत्या तर दोष वयाला दिला असता.

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण २०२३ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं १९५ प्रौढांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. स्वयंचलित यंत्र एकच, फक्त पट्टे वेगवेगळे. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा दाब सरासरी १९.५ मिलिमीटरनं जास्त दिसला. ज्यांना एक माप मोठा लागतो त्यांच्यात ४.८ नं जास्त, आणि ज्यांचा दंड बारीक, त्यांच्यात ३.६ नं कमी. म्हणजे चूक दोन्हीकडे होते. जाड दंडाच्या माणसाला नको असलेली गोळी मिळते, आणि काटकुळ्या म्हाताऱ्याचा वाढलेला दाब दिसतच नाही. आपल्या ग्रामीण ओपीडीत दोन्ही देह एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात आणि दोघांना पट्टा एकच.

ही चूक जुनी आहे, यंत्राइतकीच जुनी. ट्यूरिनच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं यंत्र मांडलं, तेव्हा त्यांनी सायकलच्या चाकातली रबरी ट्यूब वापरली होती. तो पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि दाब फुगवून दाखवायचा. स्ट्रासबर्गच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये हे दाखवून दिलं आणि रुंद पट्टा सुचवला. कोरोटकॉफ यांचे आवाज आले त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत ठेवायला शिकण्याआधीच पट्ट्याचं माप हा प्रश्न वैद्यकाला ठाऊक होता. आपण आवाज शिकलो, पट्टा राहून गेला.

मधल्या काळात पारा गेला. पाऱ्याच्या एका यंत्रात साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. काच फुटून तो फरशीच्या फटीत गेला की किती त्रास, हे आपल्यातल्या जुन्यांना आठवत असेल. आम्ही तर लहानपणी पाऱ्याच्या गोळ्यांशी खेळलोही आहोत, आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. जपानच्या मिनामाता गावाचं नाव मिरवणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबयंत्रं टप्प्याटप्प्यानं बंद करणं हा त्याचाच भाग. यंत्रातून पारा गेला, दाब मात्र अजून 'मिलिमीटर पारा' याच एककात लिहिला जातो. ज्यांना अजूनही "पाऱ्यासारखं दुसरं नाही" असं वाटतं, त्यांनी आपलेच जुने केसपेपर काढून पाहावेत. १२०, १३०, १४०, १५०. सगळे आकडे शून्यावर संपणारे. पारा अचूक होता, वाचणारे आपण मात्र आळशी होतो. निदान ती खोड डिजिटल यंत्रानं मोडली.

पण नव्या यंत्राची स्वतःची खोड आहे आणि ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना कुणी सांगितलेली नाही. हे यंत्र ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटताना धमनीच्या ठोक्यानं पट्ट्यात जी थरथर होते, ती ते टिपतं. थरथर सर्वांत मोठी असते तिथे सरासरी दाब, एवढंच त्याला थेट कळतं. वरचा आणि खालचा हे आकडे ते त्यावरून गणितानं काढतं. ते गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि कंपनी ते उघड करत नाही. म्हणून एका खोलीत, एकाच दंडावर, दोन चांगली यंत्रंही थोडं वेगळं बोलू शकतात. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर हे गणित डळमळतं. तिथे तीनदा मोजून सरासरी घ्यावी, किंवा कान वापरावा. गरोदरपणात, विशेषतः प्रीएक्लॅम्प्सियात, काही यंत्रं दाब प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. त्या गटात वेगळी तपासणी झालेली मॉडेल्स फार थोडी आहेत. बाळंतपणं करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

"पण मशीनला सरकारी परवाना आहे ना?" हा प्रश्न पेशंट विचारतात आणि आपणही विचारतो. रक्तदाबयंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर ही चार उपकरणं १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे औषध कायद्याच्या कक्षेत आली, हे चांगलंच झालं. त्याच वर्षी जुलैत ही चार आणि पल्स ऑक्सिमीटर यांच्यावरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला गेला. पण परवाना वेगळा आणि माणसांवर पडताळणी वेगळी. पडताळणीचं आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये एक झालं. साधारण ८५ माणसांवर, प्रशिक्षित निरीक्षकांच्या कानांशी यंत्राची तुलना करायची. सरासरी फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि प्रमाण विचलन ८ पेक्षा जास्त नको. हे मॉडेलनिहाय होतं. एका कंपनीचं एक मॉडेल उत्तीर्ण झालं म्हणून तिचं दुसरं आपोआप होत नाही. 'स्ट्राइड बीपी'सारख्या याद्यांत मॉडेलचं नाव शोधायला मोबाइलवर दोन मिनिटं लागतात. औषधाच्या दुकानात "हे घ्या, हे जास्त खपतं" असं सांगितलं जातं. त्याऐवजी दोन-तीन मॉडेलांची नावं आपल्या अक्षरात लिहून दिली, तर पेशंट तीच घेऊन येतो, हा माझा अनुभव आहे. पैसे कंपनीकडून घेतलेले नाहीत हेही सांगावं लागतं, हा आपल्या काळाचा महिमा.

घरच्या यंत्रावर बोलण्याआधी आपली खोली पाहू. आपल्याकडे पेशंट बसतो स्टुलावर. स्टुलाला पाठ नसते, त्यामुळे पाठीला टेकू नाही. हात आपल्या टेबलावर पोचत नाही म्हणून मांडीवर, नाहीतर हवेत. वर "काय त्रास होतोय?" असं आपण पट्टा फुगत असताना विचारतो आणि तो सांगत राहतो. बायकांची ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की तिचाच वरती दुसरा पट्टा तयार होतो. या प्रत्येकानं आकडा बिघडतो. २०२४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्येच हाताच्या स्थितीवर १३३ जणांची चाचणी आली. हात मांडीवर ठेवला तर वरचा दाब ३.९ मिलिमीटरनं, आणि हात नुसता लोंबता ठेवला तर ६.५ मिलिमीटरनं जास्त दिसला. ज्याला आपण १४२ म्हणून आजारी ठरवलं, त्याचा निम्मा आजार स्टुलात असू शकतो. पाठ असलेली खुर्ची आणि टेबलाच्या उंचीची एक उशी. दवाखान्यात याहून स्वस्त उपकरण मला माहीत नाही.

मग घरचं यंत्र. ते आणायला सांगा, पेशंटला फोनवर आकडा विचारू नका. पेशंटच्या हातानं त्यालाच लावू द्या. कुठे चुकतं ते तिथल्या तिथे दिसतं. नळी कोपरामागे, पट्टा स्वेटरवर, सेल संपत आलेले. मग त्याच दंडावर आळीपाळीनं त्याचं आणि आपलं, दोन-दोन, तीन-तीन वेळा. सरासरीत पाचपर्यंत फरक असेल तर यंत्र ठेवा. दहाच्या वर गेला तर पट्टा बदलून पाहा, नाहीतर यंत्र बदला. वही मात्र आपण आखून द्यावी. आठवडाभर, सकाळी गोळीआधी दोन आणि रात्री दोन, मध्ये मिनिटभर थांबून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून. घरची सरासरी १३५/८५ च्या आत असेल तर दवाखान्यातल्या १४८ वर गोळी वाढवायची घाई नको. उलटंही लक्षात ठेवावं. दवाखान्यात १२८ आणि घरी १४५ अशीही माणसं असतात, आणि ती आपल्या नजरेतून सहज निसटतात. रात्री घाबरून घेतलेला सहावा आकडा या वहीत बसत नाही, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगितलं तर अर्धी झोप परत येते.

मनगटी घड्याळांचे रक्तदाबही आता ओपीडीत येऊ लागलेत. त्यांच्याबद्दल तूर्त एवढंच, की दंडाचा पट्टा नसलेली बहुतेक घड्याळं ठरावीक दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे चुकीच्या पट्ट्याशी जुळवलेलं घड्याळ ती चूक दिवसभर मनगटावर घेऊन फिरणार. त्यावर सविस्तर पुढे कधीतरी.

आमच्या दवाखान्यात आता बाकाशेजारच्या खिळ्याला ती टेप टांगलेली असते. केसपेपरवर वजनाच्या शेजारी दंडाचा घेर लिहिला जातो आणि त्यापुढे पट्ट्याचं माप, ल, म किंवा मो. लिहिते तीच मुलगी. गेल्या आठवड्यात तिनं माझाही दंड मोजला. चौतीस. गेली अकरा वर्षं मी माझा दाब नेहमीच्या पट्ट्यानं मोजून गोळी घेत होतो.