झगा दिसतो, हिशेब कुठे आहे?

लिंबायत, उधना, पांडेसरा. सुरतेत आपला खानदेशी माणूस जिथे राहतो, तिथल्या कुठल्याही चौकात मान वर करून बघा. फ्लेक्सवर हात जोडलेले साहेब असतात, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या चेहऱ्यांची रांग. आपण हसतो आणि पुढे जातो. पण मित्रांनो, ही हौस आजची नाही.

इतिहासाच्या निमित्ताने मी जुन्या फ्रान्समधल्या नगर-कारभाऱ्यांची चित्रं बघत होतो. पॅरिसच्या कारभाऱ्यांचं १६४८ सालचं एक चित्र लूव्र संग्रहालयात आहे. फिलिप द शांपेन या नामवंत चित्रकाराने ते काढलं. सगळे गुडघे टेकून बसलेत, सगळ्यांच्या अंगावर पदाचे भारदस्त झगे. चेहरे वेगवेगळे, पण नजर आधी जाते ती झग्याकडेच. १६९६ मध्ये लार्जिलिएरने असंच एक भलंमोठं चित्र केलं. त्यात संत जेनेव्हिएव्हपुढे जमलेले कारभारी आहेत आणि मागच्या गर्दीत चित्रकाराने हळूच स्वतःलाही घुसवलंय! शुभेच्छुक तेव्हाही होते म्हणायचे.

मला मात्र जास्त आवडली ती तुलूझ शहराची पद्धत. तिथल्या कारभाऱ्यांना ‘कापितूल’ म्हणत. १२९५ पासून १७८७ पर्यंत शहराने त्यांची एक वही ठेवली. दरवर्षी कारभाऱ्यांची नावं आणि चित्रं त्यात येत. पुढे पुढे त्याच वहीत वर्षभरात शहरात काय घडलं तेही लिहिलं जाऊ लागलं. म्हणजे चेहऱ्याशेजारी त्या वर्षाची हकिकत. आता त्यातही स्वतःची तारीफ असणारच, ते काही साधुसंत नव्हते. या पदामुळे त्यांना उमरावपण मिळायचं. म्हणूनच क्रांतीनंतर १७९३ मध्ये यातली बरीच चित्रं लोकांनी फाडून जाळली. झगा लोकांच्या डोळ्यांत खुपला होता.

मानाचं चित्र लावूच नये, असं माझं म्हणणं नाही. चांगलं काम करणाऱ्याचा मान व्हायलाच हवा. पण नुसता चेहरा लावला की तो मान पदाचा होतो, कामाचा नाही. खुर्ची मिळाली की फोटो मिळाला, इतकं ते सोपं होऊन जातं.

आपल्याच शहराचं बघा. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना केबिनमधून उठवून रोज रस्त्यावर उतरवलं. कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला, आणि एक-दोन वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. राव दिसायला कसे होते, हे माझ्या वर्गात बहुधा कुणीच सांगू शकणार नाही. काम मात्र घरातली मोठी माणसं अजून सांगतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नगरसेवकांनी फ्लेक्स खुशाल लावावेत, पण फोटोखाली शुभेच्छुकांच्या जागी चार ओळी लिहाव्यात: या वर्षी वॉर्डात किती निधी आला, कुठे खर्च झाला, काय राहिलं. आणि त्या लिहिल्या नाहीत, तर विचारायचं काम आपलं. मतदार यादीत आता आपलीही नावं आहेत.