पट्टा आणि सर्वांची जागा

महाडच्या चवदार तळ्यावर गुरे-कुत्री मुक्तपणे पाणी पीत, तेव्हा आपल्या पूर्वजांना तेथे ओंजळ भरण्याची मुभा नव्हती. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी प्रत्यक्ष पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. घरात कुत्रा आणण्याचा विषय निघताच काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, तिच्यामागे हा इतिहास आहे. मात्र तो संताप माणसाला जनावराहून खाली लेखणाऱ्या व्यवस्थेवर होता, मुक्या जिवावर नव्हता. म्हणून आल्मेरेतील आपल्या घरांत मुले कुत्र्यावर माया करतात, यात आम्हांला विसंगती दिसत नाही.

परंतु माया पुरेशी नाही. गावी कुत्रा गल्लीचा असतो. भाकरी चार घरांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही. येथे तो एका घराचा असतो आणि कायदाही तसेच मानतो. १ एप्रिल २०१३ नंतर जन्मलेल्या प्रत्येक कुत्र्याला चिप आणि नोंदणी बंधनकारक आहे. १ नोव्हेंबर २०२१ पासून पिल्लाला पारपत्रही लागते. चिप असूनही नोंदीत जुना पत्ता राहिला, तर हरवलेला जीव घरी कसा परतणार?

शहराबाहेर पडल्यावर जबाबदारी वाढते. १९६८ साली कोरड्या झालेल्या दक्षिण फ्लेव्होलान्डच्या या भूमीवर आज शेते, कुरणे आणि ओस्टव्हार्डर्सप्लासनसारखे पाणथळ अभयारण्य आहे. साधारण १५ मार्च ते १५ जुलै हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. जमिनीवर घरटे करणारी पक्षीण मोकळ्या कुत्र्याला भिऊन उठली, की अंडी थंड पडतात. ओस्टरवोल्डमध्ये तर घर आणि शेत एकमेकांना लागूनच आहेत. कुरणातील कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गाभण गाईपर्यंत पोहोचू शकतो आणि तिचा गर्भपात होऊ शकतो. म्हणून पिशवी शेताच्या बांधावरही सोबत हवी.

धोका कुत्र्यालाही आहे. उन्हाळ्यात वेअरवॉटरसारख्या तळ्यांत निळे-हिरवे शेवाळ माजते. ते पाणी प्यायल्यास किंवा अंगावरचे शेवाळ चाटल्यास कुत्रा दगावू शकतो. उंच गवतातून आल्यावर त्याच्या अंगावरील गोचिड्या तपासाव्यात. ओक वृक्षांवरील केसाळ सुरवंटांपासून त्याला दूर ठेवावे.

बांधून नेणे म्हणजे क्रूरता, असे काही जण म्हणतात. धावणे ही कुत्र्याची गरज आहे, हे आम्ही मान्य करतो. त्यासाठीच नगरपालिकेने मोकळे सोडण्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत. इतरत्र मात्र “आमचा कुत्रा काही करत नाही” हे उत्तर पुरेसे नाही. समोरच्या भेदरलेल्या बालकाला ते ठाऊक नसते, आणि ते सिद्ध होईपर्यंत थांबण्याची सक्ती त्याच्यावर करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तळे, रस्ता, बाग सर्वांची, हे तत्त्व आपल्या समाजाने मोठे मोल देऊन प्रस्थापित केले. एखाद्याने भीतीने वाट बदलली, तर ती जागा तेवढ्यापुरती सर्वांची राहत नाही. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील आपण ग्रहण करतो; घरट्यातील अंडी, गाभण गाय आणि आपला कुत्रा हे तिन्ही त्याच्या कक्षेत येतात. हातातील पट्टा हे त्या शीलाचे साधे, रोजचे आचरण आहे. मुलांना कुत्रा देण्यापूर्वी आपण हे आचरण द्यावे.